काठाकडून जळणारी पानं

पान तोडायचं नाही, हा ताईंचा पहिला नियम. पानाला 'हिरवं' म्हणायचं नाही, हा दुसरा. पान तोंडात घालायचं नाही, हा तिसरा, आणि तो खास मुंगीसाठी केलेला होता. मुंगी ही बालवर्गातली सगळ्यात लहान मुलगी. दिसेल ती वस्तू ती आधी चाटून बघायची आणि मग तिचं नाव विचारायची.

बालवर्ग एका दुमजली इमारतीच्या तळमजल्यावर भरायचा. मागं अंगण, अंगणात चार झाडं आणि झाडांमागं माणसाच्या डोक्याएवढी भिंत. इतर ठिकाणी मुलांना पान शिकवतात ते तक्त्यावरून. तक्त्यावरच्या पानाला देठ असतो, शीर असते, पातं असतं, पण ते जगातल्या कुठल्याच झाडाचं नसतं. ताईंनी तो तक्ता कपाटामागं ढकलला आणि मुलांना अंगणात आणलं.

"हिरवं हा शब्द आज झोपलाय," त्या म्हणायच्या. "त्याला उठवायचं नाही. आता सांगा, पान कसं आहे?"

मग मुलं सांगायची. बदामाचं पान ताटाएवढं आहे आणि पडायच्या आधी चिडून लाल होतं. चिंचेची ती पानं नाहीतच, पानांची पिल्लं आहेत. पेरूच्या पानाच्या पाठीवर हाडं आहेत, आजोबांच्या हातावर असतात तशी. लिंबाचं पान उन्हाकडं धरलं की त्यात बारीक बारीक ठिपके उजळतात, वास तिथूनच बाहेर येतो. हे सगळं मुलांनी शोधलेलं होतं. ताई फक्त गप्प बसत होत्या, आणि मुलांसमोर गप्प बसता येणं ही सोपी गोष्ट नाही. ज्यांना जमत नाही ते मुख्याध्यापक होतात.

लिंबाचं झाड सगळ्यात ठेंगणं, म्हणून ते मुलांचं आवडतं. खालच्या फांद्यांचे काटे मावशींनी कात्रीनं छाटून दिले होते. मावशी म्हणजे शाळेचं झाडणं-पुसणं, पाणी, घंटा आणि रडणारी पोरं हे सगळं सांभाळणारी बाई. प्रत्येक मुलानं लिंबाचं एक पान आपलं म्हणून निवडलं होतं आणि त्याच्या देठाला लोकरीचा धागा बांधला होता. आठवड्यातून एकदा आपल्या पानाजवळ जायचं आणि त्याच्यात काय बदललं ते सांगायचं.

एका सकाळी टिंग्या म्हणाला, "ताई, माझ्या पानाला मिशी आली."

मुलं खिदळली. ताईही हसतच वाकल्या आणि पान बघून त्यांचं हसू मावळलं. पानाचं टोक तपकिरी पडलं होतं. तिथून दोन्ही काठांनी एक करपलेली रेघ खाली उतरली होती. मधली शीर आणि तिच्या आसपासचा भाग मात्र ताजा होता. शेजारचं पान तसंच. त्याच्या शेजारचंही तसंच.

कीड असती तर भोकं पडली असती. पाणी कमी असतं तर पानं लोंबली असती, आणि इथं तर बुंध्याची माती ओली होती. बदाम ठणठणीत, चिंच ठणठणीत, पेरूला कळ्या. जळत होतं ते एकटं लिंबू, आणि लिंबू भिंतीला लागून होतं.

भिंतीपलीकडं, फुटपाथवर, सायकलवाला बसायचा.

ताईंनी टाचा उंचावून पलीकडं बघितलं. तिथं नेहमीचंच होतं सगळं. भिंतीला खिळे ठोकून टांगलेले जुने टायर, पंप, रबराचे तुकडे, सोल्युशनच्या ट्यूब, आणि सायकलच्या रबरी ट्यूबला चोपडायची पांढरी पावडर भरलेला एक डबा. लिंबाची अर्धी सावली त्याच्या डोक्यावर होती. तो नेमका तेव्हाच पंक्चर तपासायच्या टबातलं काळं पाणी भिंतीच्या पायथ्याशी ओतत होता.

"हे पाणी रोज इथंच ओतता, काका?"

"मग कुठं ओतू ताई, डोक्यावर?"

"काय असतं त्यात?"

"पाणी."

"काळं आहे."

"माझे हातही काळे आहेत. त्यात काय असतं तेही सांगू?"

"इकडं झाडाची पानं जळतायत."

त्यानं मान वर करून झाडाकडं बघितलं. "बरंच होईल की. सगळा पाला माझ्याच टबात पडतो. मी बुडबुडा शोधायचा का पानं वेचायची?"

तो गमतीनं बोलला. दिवसभर रस्त्यावर बसणाऱ्या माणसाला गंमत स्वतःच करून घ्यावी लागते. पण ताईंच्या कानात गंमत शिरली नाही. 'बरंच होईल' एवढंच शिरलं. टाचा खाली टेकवताना त्यांची नजर बुंध्याकडं गेली. मातीवर पांढरट थर दिसत होता, कुणी पीठ भुरभुरावं तसा. पलीकडच्या डब्यात पांढरी पावडर, अलीकडच्या मातीवर पांढरा थर. ताईंचं गणित सुटलं. चुकीची गणितं फार लवकर सुटतात.

त्यांनी ते मोठ्या बाईंना सांगितलं. मोठ्या बाई म्हणजे शाळेच्या मुख्य. सांगताना ताईंनी कुणाला दोष दिला नाही, त्या इतकंच म्हणाल्या, "भिंतीपलीकडून काहीतरी पडतंय असं वाटतं."

"वाटतं काय?" मोठ्या बाई म्हणाल्या. "मी कधीची सांगतेय. मुलांना सोडायला येणाऱ्या गाड्या उभ्या राहायला जागा नाही, आणि हा तिथं पसरून बसलाय. आता विष घालायला लागला."

"विष असं मी नाही म्हटलं."

"मग काय सरबत घालतोय?"

मोठ्या बाईंना त्या फुटपाथची जागा फार दिवस डोळ्यात खुपत होती, फक्त कारण सापडत नव्हतं. आता कारणच चालत त्यांच्या टेबलापाशी आलं होतं, आणि तेही झाडाचं. झाडासाठी बोलणाऱ्याला कोण अडवणार? त्यांनी पालकांना सांगितलं, पालकांनी आपसात सांगितलं, आणि शाळा सुटायच्या वेळेपर्यंत 'काहीतरी पडतंय' याचं 'मुद्दाम टाकतो' झालं.

टिंग्याचे वडील कोर्टात वकिलांचे कारकून होते. वर्षानुवर्षं वकिलांच्या मागं फायली घेऊन धावल्यामुळं आपण अर्धे न्यायाधीश झालोय अशी त्यांची समजूत होती. ते गेटपाशी उभं राहून म्हणाले, "आज झाडाला, उद्या मुलांना. हेतू बघा. माणसानं कबूल केलंय, बरंच होईल म्हणून. माझ्या पोरानं ऐकलंय."

"कबूल नाही केलं, बोलला," ताई म्हणाल्या.

"बोलला म्हणजेच कबूल केलं. अजून काय, स्टँपपेपरवर द्यायला पाहिजे?"

त्याच दिवसांत हवा पालटली होती आणि अर्धा वर्ग खोकत होता. त्याचंही खापर सायकलवाल्यावर फुटलं. सोल्युशनचा वास भिंतीवरून आत येतो, त्यानं घसे धरतात, असं एका आईनं ठरवलं आणि बाकीच्यांना ते लगेच पटलं. दहा वर्षं तो वास येतच होता, पण तेव्हा कुणाला नाक नव्हतं. मोठ्या बाईंनी खोकल्यासाठी मिठाच्या कोमट पाण्याच्या गुळण्या आधीच सुरू केल्या होत्या, हजेरी झाली की रोज एकदा. आता त्यांनी त्या दोनदा केल्या आणि मावशींना बजावलं, "पाणी कडक करा. चिमटीनं मीठ टाकून काही व्हायचं नाही."

आतलं बेसिन तुंबलेलं होतं. त्यामुळं मुलं पाण्याचे मग घेऊन अंगणात रांगेनं उभी राहायची.

इकडं सायकलवाल्याच्या कानावर सगळं आलं होतं. यायला वेळ कितीसा लागतो? ज्या आया रोज त्याच्यासमोरून हात हलवत जायच्या, त्या आता मुलाचं मनगट घट्ट धरून पलीकडच्या बाजूनं जायला लागल्या. सायकलीत हवा भरायला लोक पुढच्या चौकात जायला लागले. त्यानं काय केलं? भांडला नाही. टबातलं पाणी भिंतीशी ओतायचं बंद केलं. टब उचलून तो रस्ता ओलांडायचा आणि तिकडच्या गटारात रिकामा करायचा. पावडरचा डबाही तो फडक्यात बांधून ठेवायला लागला.

पण लिंबाची पानं जळतच राहिली, उलट जास्तच. करपलेली रेघ काठावरून आत सरकत शिरेपर्यंत आली. पानं देठापासून सुटून पडायला लागली आणि मुलांचे लोकरीचे धागे उघड्या काडीवर राहिले.

"बघा," टिंग्याचे वडील म्हणाले. "मनात पाप नव्हतं तर पाणी ओतायचं बंद का केलं?"

"बंद केलं तरी जळतंय ना पण," ताई म्हणाल्या.

"म्हणजे आता अंधारात टाकतो."

या माणसांचं असंच असतं. ओतलं तर पुरावा, नाही ओतलं तर मोठा पुरावा. ताईंना हे दिसत होतं आणि तरीही त्या रोज सकाळी आल्या आल्या भिंतीजवळची माती बघायच्या, आदल्या दिवसापेक्षा पांढरी आहे का ते. पांढरी असायचीच. मग त्या पलीकडं डोकावायच्या. सायकलवाल्याला त्यांचे डोळे भिंतीवर रोज दिसायचे, कपाळापासून नाकापर्यंत.

एक दिवस तो गेटशी येऊन उभा राहिला. हात पुसून, शर्टाची बटणं लावून आला होता.

"ताई, मी तुमच्या झाडाला काही केलं नाही."

"मी कुणाचं नाव घेतलेलं नाही, काका."

"भिंतीपलीकडून म्हणालात ना? भिंतीपलीकडं मी आहे आणि फुटपाथ आहे. फुटपाथ काही करत नाही."

ताई गेटची कडी चाळवत राहिल्या.

"तुमच्या मोठ्या बाईंनी तक्रार केलीय. परवा पालिकेची गाडी येणार म्हणतात, मला उचलायला," तो म्हणाला. "मला दुसरीकडं जागा बघ म्हणतात. ताई, पंक्चर झालेला माणूस सायकल ढकलत किती लांब जाणार? तो जवळ असेल त्याच्याकडं जातो. मला कुणी शोधत येत नसतं. मी इथून उठलो म्हणजे संपलो."

"मी बोलून बघते."

"आधी बोललात तेव्हा झालं ते पुरे झालं. आता खरं काय ते बघा आणि मग बोला," असं म्हणून तो गेला.

ताईंना राग आला. आपल्याला असं तोंडावर बोलतो म्हणून. मग रात्रभर नाही, पण घरी जाईपर्यंत तरी त्यांना वाटत राहिलं, इतकं ताठ बोलणारा माणूस खरंच काही करत असेल का. आणि लगेच दुसरं वाटलं, करणारेच ताठ बोलतात. संशय एकदा घरात शिरला की तो दोन्ही बाजूंनी जेवतो.

गाडी यायच्या आदल्या दिवशी पानांचा तास होता. ताईंना तो घ्यायचाच नव्हता, पण मुलं आधीच अंगणात पळाली होती. आपल्या आपल्या धाग्यांपाशी जाऊन ती उभी राहिली. बहुतेकांच्या धाग्याला पान नव्हतं.

"माझं पान बिस्किट झालं," एक मुलगी म्हणाली. "हात लावला की मोडतं."

"माझं आतून जिवंत आहे, बाहेरून मेलंय," टिंग्या म्हणाला.

"माझं पडलं. मी दुसऱ्याचं घेऊ का?"

"दुसऱ्याचं घ्यायचं नाही, तो चौथा नियम," कुणीतरी परस्पर सांगितलं. चौथा नियम नव्हता, पण तो बरा होता म्हणून ताई काही बोलल्या नाहीत.

मुंगी भिंतीच्या बाजूला उकिडवी बसली होती. तिचं पान सगळ्यात खाली, मातीपासून वीतभर वर. ताईंनी वळून बघेपर्यंत तिची जीभ पानावरून फिरलेली होती.

"मुंगे, तिसरा नियम काय?"

"ताई, हे गुळणी लागतं."

"काय लागतं?"

"गुळणी. सकाळची." मग तिनं बोट बुंध्याच्या मातीवर घासलं आणि कुणी अडवायच्या आत चोखलं. "हे पण गुळणी."

ताई रागावणार होत्या. तोंड उघडलं होतं, शब्द ओठावर आले होते, पण ते तिथंच थांबले. त्या गुडघ्यांवर बसल्या. त्या पांढऱ्या थराचा एक खडा नखानं उकरला आणि सगळ्या वर्गादेखत जिभेवर ठेवला.

खारट. निव्वळ खारट.

"ताई," टिंग्या हळूच म्हणाला, "तिसरा नियम."

तेवढ्यात घंटा झाली. मावशी बादली घेऊन आल्या, मगांत कोमट पाणी भरलं. मुलं सवयीनं रांगेत उभी राहिली, भिंतीकडं तोंड करून, लिंबापुढं. माना वर गेल्या, घशांतून गुळगुळ आवाज निघाला आणि मग सगळ्यांनी मिळून थुंकलं. कुणी बुंध्यावर, कुणी पानांवर, दोघांमध्ये लांब कोण थुंकतो याची शर्यतही लागली. तीन वेळा झालं. पोरं आत पळाली. मावशींनी बादलीत उरलेलं पाणी, तळाशी बसलेल्या मिठासकट, बुंध्याशी ओतलं आणि बादली उपडी करून ठोकली.

ताई हे सगळं रोज बघत होत्या. बघत होत्या म्हणजे रांग सरळ आहे का, टिंग्या ढकलतोय का, मुंगी गिळतेय का, हे बघत होत्या.

"मावशी, उरलेलं पाणी रोज इथंच ओतता?"

"मग? गेटपर्यंत कोण वाहून नेणार? आणि तुम्हीच तर पोरांना सांगता, झाडाला पण तहान लागते. म्हटलं पिऊ दे बापडं."

"मीठ किती घालता?"

"आधी चमचा घालत होते. मोठ्या बाई म्हणाल्या कडक करा, तेव्हापासून मूठ." मावशींच्या हातातली बादली हळूहळू खाली आली. त्यांनी झाडाकडं बघितलं, मग बुंध्याकडं, मग ताईंकडं. "अगं बाई," त्या म्हणाल्या. आणि मग, "भिंतीपलीकडं बघून बघून मान लांब झाली की हो तुमची. काखेत कळसा होता."

"तुमच्याही काखेत होता, मावशी."

"माझ्या तर हातातच होता."

मोठ्या बाई ऑफिसात होत्या. ताईंनी सगळं सांगितलं. त्या ऐकत होत्या, पण ऐकताना टेबलावरच्या वस्तू सरळ लावत होत्या, पेन, कागदाला भोकं पाडायचं पंच, काचेचा गोळा.

"मिठानं कधी झाड मरतं का? मीठ आपण रोज खातो."

"मूठमूठ खात नाही, बाई. आणि दिवसातून दोनदा बादलीभर पीत नाही."

"म्हणजे मी मारलं झाड?"

"आपण सगळ्यांनी."

मोठ्या बाईंनी काचेचा गोळा उचलून दुसरीकडं ठेवला. "ठीक आहे. उद्यापासून गुळण्या आत. बेसिन दुरुस्त करून घेते. संपला विषय."

"आणि सायकलवाला?"

"त्याचं काय?"

"उद्या त्याला उचलायला गाडी येणार आहे."

"ती फुटपाथ मोकळा करायला येणार आहे. त्याचा आणि झाडाचा संबंध काय?"

"संबंध आपणच लावला होता."

"तुम्ही लावलात," मोठ्या बाई शांतपणे म्हणाल्या. "भिंतीपलीकडून पडतंय, हे तुमचं वाक्य. आता तेच तुम्ही फिरवणार, म्हणजे शाळेचं हसं. पालक म्हणतील, यांना अंगणातलं कळत नाही, हे आमची मुलं काय सांभाळणार. हे बघा, या वर्षी तुम्हाला कायम करायचं माझ्या शिफारशीवर आहे, हे मी बोलून दाखवत नाही."

बोलून दाखवत नाही असं म्हणत बोलून दाखवण्यात मोठ्या बाईंचा हात धरणारं कुणी नव्हतं.

ताई बाहेर आल्या त्या थेट फुटपाथवर गेल्या. सायकलवाला एका टायरमध्ये हात घालून आतून काटा शोधत होता. ताईंनी उभ्या उभ्याच सांगितलं, मीठ, गुळण्या, बादली, सगळं. तुमचा काही संबंध नाही, हे मला आता नक्की कळलंय, असं शेवटी म्हणाल्या. त्याला बरं वाटेल अशी त्यांची अपेक्षा होती.

त्यानं हात टायरमधून बाहेर काढला नाही.

"हे मला सांगून काय उपयोग, ताई? मी केलं नाही हे मला माहीतच होतं."

"पण..."

"ज्यांना ते सांगितलंत, त्यांना हे सांगा. तिथंच, गेटवर."

शाळा सुटली तेव्हा ताई गेटच्या मधोमध उभ्या राहिल्या, म्हणजे त्यांना ओलांडल्याशिवाय कुणाला मूल घेऊन जाता येईना. आवाज चढवायची त्यांना सवय नव्हती, पण वर्ग सांभाळणाऱ्या बाईचा आवाज न चढवताही लांब जातो.

"लिंबाचं झाड आपल्या मिठाच्या पाण्यानं जळालं," त्या म्हणाल्या. "मुलं तिथं गुळण्या टाकत होती. सायकलवाल्यानं काही केलेलं नाही. मी बोलले ते चुकीचं होतं, न बघता बोलले."

 मग टिंग्याच्या वडिलांनी घसा खाकरला. "पण पावडर पांढरी होती ना?"

"पावडर त्याच्या डब्यातच होती. मातीवर मीठ होतं. मी चाखून बघितलं."

"तुम्ही माती खाल्ली?"

"हो."

"मग तो रस्त्यापलीकडं पाणी का ओतायला लागला? अं?"

"कारण आपण त्याच्याकडं बघत होतो."

यावर ते अजून काहीतरी काढणार होते, पण मागून मुंगीची आजी पुढं आली. म्हातारी खमकी होती. तिनं नातीला कमरेशी धरलं होतं आणि डोळे बारीक केले होते.

"थांबा जरा. झाड मरेल इतकं मीठ तुम्ही आमच्या पोरांच्या तोंडात घालत होता?"

"आजी, ते थुंकायचं असतं, पोटात..."

"ही थुंकते होय? ही दगड गिळते. हिला सारखी तहान लागते, मी म्हणते का लागते."

"आमचाही जेवत नाही नीट," एक आई म्हणाली.

"पाणी कुठलं असतं ते? फरशी पुसायची बादली तीच का ही?"

"मावशींना विचारा. बोलवा त्यांना."

"मोठ्या बाईंनाच विचारू ना. मावशींना सांगणारं कोण होतं?"

आणि सगळा घोळका ताईंना ओलांडून आत शिरला. टिंग्याचे वडील सगळ्यात पुढं होते, हेतू बघा, हेतू बघा, म्हणत. माना तशाच पुढं काढलेल्या, डोळे तसेच बारीक, हलकं कुजबुजणंही तेच. गेले काही दिवस जे भिंतीपलीकडं बघत होते ते आता ऑफिसच्या दारातून आत बघत होते. ज्याच्यावरून नजर उठली होती तो फुटपाथवर बसून पंप मारत होता, आणि त्याला 'आमचं चुकलं' म्हणायला एकही जण भिंतीपलीकडं गेला नाही. वेळ कुणाला होता?

दुसऱ्या दिवशी गाडी आली नाही. सत्याचा विजय वगैरे काही झालेला नव्हता. ऑफिसात पालक ठाण मांडून बसले होते, बादल्या तपासत होते, मावशी रडत होत्या, आणि मोठ्या बाईंना त्याच दिवशी गेटवर आणखी एक तमाशा नको होता. त्यांनी फोन करून गाडी 'सध्या राहू द्या' म्हणून सांगितलं. सध्या राहू द्या यावर तो माणूस तिथं राहिला. ताईंची शिफारस मोठ्या बाईंनी केली नाही. त्यांनी तेही बोलून दाखवलं नाही.

मावशींनी बुंध्याभोवतीची माती खणून काढली, नवी टाकली आणि रोज गोडं पाणी घालायला सुरुवात केली. अंगणाच्या बाजूच्या फांद्या तोपर्यंत बोडक्या झाल्या होत्या. पानं उरली होती ती फक्त भिंतीपलीकडं गेलेल्या फांद्यांवर. मुलं विचारायची, आमची पानं कुठं बघायची? तेव्हा ताईंनी ठरवलं, पलीकडून बघू.

मुलांची रांग गेटमधून बाहेर आली आणि फुटपाथवरून सायकलवाल्यापाशी थांबली. त्याच्या डोक्यावरच लिंबाच्या फांद्या होत्या.

"काका, मुलांना इथून पानं दाखवली तर चालेल का?"

"बघा की. फांदी तुमच्या झाडाची आहे."

तो उठला. पावडरच्या डब्याचं झाकण घट्ट बसवलं. सोल्युशनच्या ट्यूब गोळा करून खिशात घातल्या, डबा काखेला मारला आणि रस्ता ओलांडायला लागला.

"अहो, जाताय कुठं? बसा ना तुम्ही. मुलं नुसती बघणार आहेत."

"नको," तो न थांबता म्हणाला. "उद्या त्यातलं एखादं खोकलं तर?"

पलीकडं सावली नव्हती. तो भर उन्हात उभा राहिला, डबा सगळ्यांना दिसेल असा दोन्ही हातांत धरून.

मुलांनी माना वर केल्या. "या पानाला मिशी नाही," टिंग्या म्हणाला. कुणी ठिपके शोधायला लागलं, कुणी वास घ्यायला उड्या मारायला लागलं. मुंगी मात्र रस्त्याकडं तोंड करून उभी होती.

"ताई, काका तिकडं का गेले?"

"पान बघ," ताई म्हणाल्या.

तेवढ्यात एक माणूस सपाट चाकाची सायकल ढकलत आला. रिकाम्या जागेकडं बघितलं, टायरांकडं बघितलं, रांगेतल्या मुलांकडं बघितलं. सायकलवाल्यानं रस्त्यापलीकडून त्याला हातानं खूण केली, थांबा, ही पोरं जाऊ द्या. माणूस सायकल भिंतीला टेकवून उभा राहिला आणि घाम पुसायला लागला.

"चला," ताई मुलांना म्हणाल्या, "पटपट बघा." पानांच्या तासाला त्यांनी कधी घाई केली नव्हती.

"मला अजून बघायचंय," टिंग्या म्हणाला.

"पुरे," असं म्हणून ताईंनी त्याचा हात धरला.

ताईंनी रांग वळवली. शेवटचं मूल गेटच्या आत जाईपर्यंत सायकलवाल्यानं रस्ता ओलांडला नाही.